मागच्या काचेवरचं चाक

दुपार कलली, की घरापुढच्या खळ्यात उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या मागच्या काचेतून ऊन आत उतरतं आणि मागच्या सीटवर एक निळं चाक उमटतं. आधी ते सीटच्या झिजलेल्या रेक्झिनवर पसरलेलं असतं. मग सूर्य जसजसा समुद्राकडे झुकत जातो, तसतसं ते पुढे सरकतं, चालकाच्या सीटच्या पाठीवर चढतं, आणि अस्तमानाच्या सुमारास अगदी पुढच्या काचेशी जाऊन विरून जातं. तापलेल्या काचेचा, जुन्या स्पंजाचा आणि गेल्या मोसमात वाहिलेल्या आंब्याच्या पेट्यांचा मंद, गोडसर वास त्या वेळी गाडीत कोंडलेला असतो. कुठेही जायचं नसताना मी दार उघडून आत बसतो, आणि ते निळेपण माझ्या सदऱ्यावरून, हातावरून प्रवास करतं. काचेवरचं हे चाक माझ्या पत्नीने, सुनंदाने, आपल्या हाताने रंगवलेलं आहे. धम्मचक्र आहे ते. त्याचे आरे काही सारखे नाहीत. एका बाजूला त्यांची दाटी झाली आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐसपैस मोकळीक. विहाराच्या फाटकाला लावून उरलेला निळा तैलरंग तिने इतका पातळ करून वापरला, की ऊन त्यातून आरपार येतं, पण येताना निळं होऊन येतं.

गाडी विकायची ठरली तेव्हापासून मी हे चाक रोज पाहतो आहे. सोडून देण्याची वेळ आल्याखेरीज माणसाला आपल्या वस्तूंकडे नीट पाहायला का सुचत नसावं? आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशावरच्या समोच्च रेषांवर बोट ठेवून मुलांना चढ-उतार समजावले. आता समोरून येणाऱ्या वाहनाचं अंतर माझ्या डोळ्यांना कळेनासं झालं आहे, आणि गाडी चालवणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. सुनंदा गाडी चालवायला शिकलेली नाही. नुसती उभी ठेवावी, तर आमच्याकडचा खारा वारा लोखंडाला दयामाया दाखवत नाही. दाराच्या कडांना आताच तांबूस फोड आले आहेत, आणि आणखी एक पावसाळा उभ्याने काढला तर ती कुणाच्याच उपयोगाची राहणार नाही. तेव्हा विकायची, हे पक्कं होतं. विकण्याआधी तिची दुरुस्ती करायची का, आणि करायची तर कशाची, एवढाच प्रश्न होता. पण प्रश्न दिसायला एवढासा असला, की त्याच्या पोटात काय दडलंय हे हात घातल्यावरच कळतं.

रत्नागिरीत जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा नितीन हा माझा जुना विद्यार्थी, मनाने चांगला. खळ्यात येऊन त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पत्रा बोटांनी वाजवून पाहिला, वाकून खाली डोकावला, आणि काय काय करावं लागेल ते सांगू लागला. ब्रेक, पुढचे टायर, एक दिवा. मग पोटाखालच्या पत्र्याला बसलेला लांबलचक मार ठोकून सरळ करायचा. मग निम्म्या अंगावर कायमचा चढलेला जांभ्याच्या मातीचा लाल रंग घासून काढून वर नवा पांढरा रंग मारायचा. एवढं सांगून तो गाडीच्या मागे आला, थांबला, आणि आवाज उतरवून म्हणाला, “सर, तेवढं काचेवरचं काढूया. थिनरचा बोळा फिरवला की लगेच जाईल.” का, म्हणून मी विचारलं. “तुमच्यासाठीच सांगतो, सर. गिऱ्हाईक तोंडानं काय बोलत नाय. पण परत येत नाय.”

सुनंदा चहा घेऊन पडवीत उभी होती. तिने कप त्याच्या हातात दिला आणि अगदी शांतपणे विचारलं, “नितीन, चाकं किती हायत रे गाडीला?” तो गोंधळला. “चार, काकी. आणि डिकीतलं पाचवं.” “आणि काचेवरचं सहावं. सहा चाकांची गाडी हाय ही. एक काढून विकलीस, तर गिऱ्हाइकाला फसवलंस असं होईल.” नितीन हसला, मीही हसलो.

खरं सांगायचं तर, राग मला नितीनचा आला नाही. त्याने बाजार जसा आहे तसा माझ्यापुढे ठेवला. राग आला तो त्या तोंडाने काही न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा. शिवी देणाऱ्याला उत्तर देता येतं, त्याच्याशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं. पण सौजन्याने हसून, घरी विचारून कळवतो म्हणत निघून जाणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? ही मूक, सुसंस्कृत पाठ माझ्या चांगल्या परिचयाची आहे. नोकरी लागली तेव्हा शहरात भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग वाडी. आणि वाडी कळल्याबरोबर त्यांच्या विहिरीचं पाणी एकाएकी कमी झालं. एक माणूस जास्तीचा झेपणार नाही, असं ते हात जोडून म्हणाले. आमच्यातल्या कितीकांनी या न बोलणाऱ्यांच्या सोयीसाठी स्वतःवर थिनरचा बोळा फिरवून घेतला आहे! कुणी आडनाव बदललं, कुणी भिंतीवरची तसबीर आतल्या खोलीत नेली, कुणी गावाचं नाव सांगताना वाडी गिळली. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला खोली हवी असते, त्याला रात्री कुठेतरी पाठ टेकायची असते. पण मला आता कुणाकडे खोली मागायची नव्हती. मला माझी गाडी विकायची होती.

दुरुस्ती या शब्दाशी माझं भांडण नाही. आम्ही कोकणातली माणसं. दुरुस्ती आमच्या हाडात मुरलेली आहे. वैशाख आला की घराघरांवर शाकारणी सुरू होते. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, धड असलेली पुन्हा आपापल्या जागी बसवायची. खालून पाहणाऱ्याला या सगळ्या खटाटोपाचं काही दिसत नाही. छप्पर कालच्यासारखंच जुनं, काळवंडलेलं दिसतं. मात्र आषाढात बाहेर आभाळ कोसळत असताना आत चूल कोरडी राहते. ही दुरुस्ती टिकण्यासाठी केलेली असते. दाखवण्यासाठी करायची दुरुस्ती हे निराळंच प्रकरण आहे. तिच्यात वस्तूला काय हवं हे कुणी विचारत नाही, पाहणाऱ्याला काय नको एवढंच विचारलं जातं. म्हणून मी नितीनच्या सांगण्यातली ब्रेक, टायर आणि दिव्याची कामं तत्काळ करून घेतली, कारण उद्या जो कुणी ही गाडी चालवील त्याच्या जिवाशी त्यांचा संबंध होता. गॅरेजवाल्या इक्बाल मिस्त्रींनी गाडी वर उचलली, पोटाखालच्या त्या लांब खड्ड्यावर हात फिरवला आणि म्हणाले, “मार मोठा हाय, पण आत कुठं लागलेलं नाय. ठोकून काढू?” मी नको म्हणालो. तो मार कसा बसला, हे सांगायलाच हवं.

आमची वाडी उतारावर आहे. डांबरी रस्ता पूर्वी वर सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारापर्यंत, येऊन थांबे, आणि तिथून आमच्या घरांपर्यंत पाखाडी होती, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची अरुंद, उभी वाट. सिमेंटची गोणी डोक्यावरून खाली यायची, आंब्याची पेटी खांद्यावरून वर जायची, आणि आजारी माणूस खुर्चीत बसवून, साडीने बांधून, चौघांनी उचलून न्यायचा. माझ्या आईला असंच वर नेलं. सड्यावर रिक्षा थांबलेली होती. पण आम्ही पोचलो तेव्हा तिची गरज उरली नव्हती. त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि वाडीसाठी रस्ता मागितला. समोरून उत्तर आलं, “तुमच्या वाडीत गाडी एक नाय, मास्तर. रस्ता कशाला हवा?” सगळे हसले. नदी नाही म्हणून पूल नको, हे भूगोलाच्या मास्तराला कळतं. पण गाडी नाही म्हणून रस्ता नको, हा भूगोल कुठल्या पुस्तकातला?

मग मी गाडी घेतली. उभ्या जगात माणसं आधी रस्ता पाहतात आणि मग गाडी घेतात. मी रस्त्याआधी गाडी घेतली. कर्ज काढून, सुनंदाच्या बांगड्या मोडून घेतली, आणि नवीकोरी पांढरीशुभ्र गाडी सड्यावर करंजाच्या झाडाखाली उभी करून पाखाडी उतरत घरी आलो. येडा मास्तर, असं लोक म्हणाले, आणि त्यात आमचेही होते. कावळ्यांनी तिला यथेच्छ रंगवलं. पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा उभा राहिलो आणि सांगितलं, की आता वाडीत गाडी आहे. तेव्हा उत्तर आलं, “ती वर नीट उभी राहते की. खाली आणायची गरजच काय?” या खेपेला मात्र आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात वाडीतले मुंबईकर गावी आले, विहारात बैठक बसली, आणि रस्ता मागायचा नाही, करायचा, असं ठरलं. ज्याच्या त्याच्या खळ्याची एकेक पट्टी ज्याने त्याने दिली. पहारी, घमेली, चिरे. गोदीत काम करणारे, बँकेत कारकुनी करणारे, उन्हाची सवय उरली नसलेले हात सगळे मातीत गेले. पाखाडी फोडून उतार झाला, ओबडधोबड, लालभडक. आणि एका दुपारी मी गाडीत बसलो, चावी फिरवली, आणि सारी वाडी दोन्ही बाजूंनी चालत असताना तिला खाली घेऊन आलो. शेवटच्या वळणावर एक चिरा वर राहिला होता. त्यावर गाडीचं पोट घासलं, आणि असा काही कर्कश आवाज झाला की बायकांनी कानांवर हात दाबले. मी थांबलो नाही. त्या मारावर माझं जेवढं प्रेम आहे, तेवढं मला मिळालेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रावर नाही. त्याच संध्याकाळी सुनंदाने रंगाचा डबा काढला आणि मागच्या काचेवर हे चाक काढलं. पुढे त्याच वाटेवर काँक्रीट पडलं, उद्घाटन झालं, फलक लागला. फलकावर आमच्यापैकी कुणाचं नाव नाही. आमचं नाव गाडीच्या पोटावर आहे.

आता यातलं काय दुरुस्त करायचं? पोटाचा मार ठोकून काढला, तर ती वाट कुणी उतरलंच नव्हतं असं होईल. लाल रंग घासून काढला, तर ती कुठल्या मातीतून चालली याचा पुरावा जाईल. आणि चाक पुसलं, तर कुणासाठी पुसलं, याचं उत्तर मला रोज आरशात द्यावं लागेल.

गिऱ्हाइकं आली. नितीनचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. एक गृहस्थ इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले, सीटवर बसून पाहिलं, किंमतही रास्त आहे म्हणाले. मग डिकी पाहायला मागे गेले, आणि तिथून परतले तेव्हा त्यांना घरी विचारायची आठवण झाली होती. दुसऱ्या एकाने निदान फोन तरी केला. गाडी पसंत आहे, फक्त मागची काच बदलून द्याल का, असं त्याने विचारलं. नाही, म्हणालो. मग काचेचा खर्च मीच करतो, असं तो उदारपणे म्हणाला. मी म्हणालो, “काच तुम्ही विकत घेतल्यावर तुमची. माझ्या खळ्यात असेपर्यंत ती तशीच राहील.” त्याने फोन ठेवला. सुनंदा आतून म्हणाली, “बरं झालं.” पण तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. दारावरचे तांबूस फोड वाढत होते, मृग जवळ येत होता, आणि आपल्या हट्टापायी ही गाडी खळ्यातच सडून जाईल की काय, ही शंका आम्हा दोघांच्याही मनात होती. एकमेकांना ती आम्ही बोलून दाखवली नाही, एवढंच.

त्या दिवशी मी नितीनला फोन करून सांगितलं, की मोबाईलवरच्या जाहिरातीत पहिला फोटो मागच्या काचेचा टाक. समोरचा नको, बाजूचा नको. आधी चाक, मग गाडी. तो हादरला. “सर, गिऱ्हाईक पळेल.” मी म्हणालो, “पळू दे. इथवर येऊन, चहा पिऊन पळण्यापेक्षा घरबसल्या पळू दे.” तो म्हणाला, “बरं, टाकतो. पण फोटो मी स्वतः येऊन काढतो, तुमच्या मोबाईलवर नीट येयचा नाय.” आणि तो आला, ऊन कलायची वाट पाहत पडवीत बसला, आणि चाक लख्ख उजळलं तेव्हा त्याने फोटो काढला. मनाने चांगला आहे, असं मी उगाच म्हटलं नव्हतं.

फोन वाजेनासे झाले. आणि मग एका सकाळी वैशाली आली. जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून, वडिलांना बरोबर घेऊन आली. हेदवीच्या वाटेवरच्या एका वाडीतली मुलगी, दवाखान्यात परिचारिका आहे. “जयभीम, सर. फोटो बघून आलो,” एवढंच म्हणाली, आणि आजवर आलेल्या कुणीही केलं नव्हतं ते तिने केलं. गाडीचं तोंड पाहण्याआधी ती गुडघ्यांवर बसली आणि वाकून तिचं पोट पाहिलं. “सर, हा मार कशाचा?” मी सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती वडिलांकडे वळून म्हणाली, “अण्णा, बघा. उतरलेली गाडी हाय.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आमची पाखाडी ह्याच्यापेक्षा उभी हाय, सर. आमी फोडून उतार केलाय, पण कच्चा. पाऊस पडला की वाहून जाईल. पक्का मागितला तर म्हणतात, तुमच्याकडं गाडी कुठाय?” हे वाक्य तिने अशा स्वरात म्हटलं, की ते मी पूर्वी ऐकलं असेल हे तिला ठाऊकच असावं. जग एवढं बदललं म्हणतात. निदान नकार देण्याची भाषा तरी बदलायची!

सुनंदा इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि, मला आश्चर्य वाटलं, पण तिने स्वतःच विषय काढला. “हे बघ पोरी, चाक मी काढलेलं हाय. तुला नको असंल तर सांग, मी माझ्या हातानं पुसून देईन. दुसऱ्याचा हात मी लागू देणार नाय.” वैशाली काचेजवळ गेली. बोटाने तिने एकेका आऱ्यावरून स्पर्श न करता रेघ ओढली, आणि खालच्या बाजूच्या, वर्षानुवर्षं डिकी उघडून-मिटून झिजलेल्या एका आऱ्यापाशी थांबली. “काकी, ह्यो एक पुसट झालाय. रंग हाय काय घरात?”

रंग होता. दरवर्षी फाटकाला लागतो. सुनंदाने पदर खोचला, डबा उघडला, कुंचला झाडला, आणि चष्मा नाकावर सरकवून तो एकच आरा पुन्हा भरला. रेघ सरळ यावी म्हणून वैशालीने तिचं मनगट धरलं. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं; ते डोळ्यांच्या दुखण्याचं नव्हतं, हे सांगायला मला कसली लाज? विकण्याआधी या गाडीला नवा रंग लागला तो एवढाच. पत्र्याचं कामही एकच झालं. इक्बाल मिस्त्रींनी तिच्या पोटाखाली जाड लोखंडी गार्ड बसवला; जुना मार तसाच ठेवून, त्याच्या खालून, कारण पुढच्या पाखाडीला अजून कितीतरी चिरे वर राहिलेले असणार.

गाडी गेली त्या दिवशी आम्ही दोघं जयगडपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. निघताना दुपार कललेली होती. वैशाली चालवत होती, सुनंदा तिच्याशेजारी होती. अण्णा मागच्या सीटवर माझ्याशेजारी अवघडून बसले होते, आणि निळं चाक त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर अलगद येऊन टेकलं होतं. त्यांनी खाली पाहिलं, हाताने झटकायला गेले, मग काय आहे ते कळल्यावर हात मागे घेतला आणि गाडी वळेपर्यंत जराही हलले नाहीत. धक्क्यावर आम्ही उतरलो. गाडी फेरीबोटीवर चढली, बोट तवसाळच्या दिशेने निघाली, आणि इतकी वर्षं मी आतून पाहिलेलं ते चाक मला पहिल्यांदाच असं लांब जाताना दिसलं. आरे वेडेवाकडे आहेत हे तेवढ्या अंतरावरून कळत नव्हतं. मग आम्ही एसटीने परत आलो, उभ्याने.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. “सर, उतरली. शेवटच्या वळणावर खालनं घासली. गार्डाला लागलं.” मोठा आवाज झाला काय, असं मी विचारलं. “मोठा? वरच्या आळीपर्यंत ऐकू गेला.” मी सुनंदाला सांगितलं, घासली. ती भाकरी थापता थापता नुसती मान हलवत राहिली, आणि पुष्कळ वेळ तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही.

खळ्यात आता गाडीच्या जागी तेलाचा एक काळा डाग आहे. दुपार कलली की ऊन त्याच्यावरून पडवीपर्यंत येतं. पांढरंच येतं, आणि त्याची मला अजून सवय व्हायची आहे. पण त्याच वेळी खाडीपलीकडच्या एका उतारावर, एका झिजलेल्या सीटवर, निळं चाक आपला रोजचा प्रवास सुरू करत असेल. तिथल्या पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी हसून विचारील, तुमच्या वाडीत गाडी आहेच कुठे? बाहेर उभी आहे. जाऊन बघा.